पळायचं पुस्तक

लायबा तांबोळीला वाचनालयात लागून चारच महिने झाले होते, आणि तेवढ्यात तिचं मत पक्कं झालं होतं की संदर्भ विभागात शिकण्यासारखं फारसं काही नाही. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला ती वर्गात दुसरी आली होती. वर्गीकरण, सूची, संगणकावरचे शोध, सगळं तोंडपाठ. आणि इथं लोणावळ्यात, बाजारपेठेमागच्या बोळातल्या त्या दुमजली इमारतीत तिचं काम काय, तर खिडकीपाशी टेबल टाकून बसायचं आणि येईल त्याला काय हवंय ते विचारायचं.

तेसुद्धा तिला नीट विचारता येत नाही, असं अनघाताईंचं म्हणणं. अनघाताई तिथं सव्वीस वर्षं ग्रंथपाल होत्या. आवाज कधी चढायचा नाही, पण एकच गोष्ट दहादा सांगायला कंटाळायच्या नाहीत.

"कुणी म्हणालं, इतिहासाचं पुस्तक द्या, की लगेच कपाटाकडे धावू नकोस," त्या सांगायच्या. "आधी बसव त्यांना. त्यात नेमकं काय बघायचंय, असं विचार. आणि विचारलंस की गप्प राहा. लोक पहिल्या झटक्यात मनातलं सांगत नाहीत. कुणाला मांडता येत नाही, कुणाला लाज वाटते."

एकदा एका माणसानं मावळचा नकाशा मागितला. लायबानं अर्ध्या मिनिटात तो संगणकावर काढून दिला. माणूस नुसता बघत उभा राहिला. मग अनघाताईंनी त्याला खुर्ची दिली, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि दहा मिनिटांनी कळलं की पासपोर्टच्या अर्जावर गावाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं, एवढंच त्याला हवं होतं. अनघाताईंना त्याचं समाधान वाटलं. लायबाला वाटलं, दहा मिनिटं फुकट गेली.

टेबलाच्या खणात एक विचारणा वही असायची. आलेला प्रश्न, तारीख, काय दिलं, एवढंच त्यात लिहायचं. विचारणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. "कोण काय विचारून गेलं ते या टेबलाबाहेर जात नाही," हे अनघाताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लायबानं मान डोलावली होती. पदवीच्या परीक्षेत याच विषयावर तिनं पाच गुणांचं उत्तर लिहिलं होतं, आणि पाचपैकी पाच मिळवले होते.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी अनघाताई जिल्ह्याच्या बैठकीला पुण्याला गेल्या होत्या. सकाळी अकराच्या सुमाराला साठीच्या पुढची एक बाई जिना चढून वर आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी, चपला दाराबाहेर काढलेल्या. ती बराच वेळ वर्तमानपत्रांच्या टेबलाशी घुटमळली. तिथं दोन म्हातारे पेपर वाचत होते. त्यांच्याकडे पाठ करून ती लायबाजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, पळायचं पुस्तक हाय का?"

"काय?"

"पळायचं. शर्यतीचं."

लायबानं आधी पाहुण्यांच्या नोंदवहीत तिचं नाव-गाव लिहून घेतलं. नंदाबाई, कुरवंडे. मग क्रीडा विभागातून धावण्याच्या व्यायामाचं एक जाडजूड, रंगीत फोटोंचं पुस्तक काढून तिच्यापुढे ठेवलं आणि परत संगणकाकडे वळली. नंदाबाई एकेक पान उलटत फक्त फोटो बघत होती. अर्ध्या चड्डीतले परदेशी धावपटू, कुणी उडी घेतंय, कुणी गुडघा वाकवतंय. शेवटपर्यंत गेली आणि पुस्तक मिटून म्हणाली, "हे न्हाई. जुनं हाय का? आपल्या हितलं?"

"मावशी, पळायचं तंत्र सगळीकडे सारखंच असतं," लायबा म्हणाली. आपलं बोलणं आपल्यालाच मजेशीर वाटावं तसं ती हसलीही.

नंदाबाईनं तोंड उघडलं, पेपरवाल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून पानं उलटायला लागली. जे मागायला आली होती ते त्यात नाही हे ठाऊक असूनही ती उलटत होती, हे लायबाला फार नंतर कळलं. त्या वेळी तिनं केलं ते वेगळंच. खुर्चीतून उठली, चार पावलं मागं गेली, आणि फोन काढून मागून एक फोटो घेतला. नऊवारीतली पाठमोरी बाई, आणि तिच्यापुढे उघडा पडलेला, छाती काढून धावणारा गोरा पुरुष. पदवीच्या मैत्रिणींच्या गटावर तो टाकून तिनं खाली लिहिलं, "आजचा संदर्भ प्रश्न. कुरवंड्याच्या मावशी विचारतात, पळायचं पुस्तक आहे का? माझा उपप्रश्न: कुणाबरोबर?"

तासाभरात हसण्याचा पाऊस पडला. नंदाबाई केव्हा उठून गेली ते लायबाला कळलंही नाही. विचारणा वहीत तिनं त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. असल्या प्रश्नाचं काय लिहायचं?

अडीच आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी, एक मुलगी थेट तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. अंगावर कुठल्याशा रिसॉर्टचा कोट, छातीवर पाटी, पाटीवर नाव, पिंकी. वय लायबाएवढंच.

"हे तू काढलंस का?" तिनं फोन पुढे केला.

तोच फोटो होता. त्यावर कुणीतरी बदाम आणि धूळ उडवणारी मोटारसायकल चिकटवली होती. खालची ओळ मात्र लायबाची, अक्षरन् अक्षर.

"हा आमच्या हॉटेलच्या स्टाफच्या ग्रुपवर आला. त्याआधी गावाच्या ग्रुपवर येऊन गेला होता," पिंकी म्हणाली. "ती माझी मावशी आहे. तिचं लुगडं, तिची पिशवी गावात कुणाला ओळखू येणार नाही? माझ्या काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, पारावर लोक विचारतात, महिपतीआबा, मावशी कुणाबरोबर पळाली? दोन आठवडे मावशी दळणालासुद्धा बाहेर पडली नाहीये."

लायबा खुर्चीतून उठली. "मी फक्त मैत्रिणींच्या..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"तिची मुलगी होती, मानसी. माझी मावसबहीण. शाळेत पळायची. तेराव्या वर्षी काविळीनं गेली. कधीतरी तिचा फोटो पेपरात आला होता, तो शोधायला मावशी आली होती, हे आत्ता कुठं मला एकटीला सांगितलं तिनं. मला सांगून आली असती तर मी सोबत आले असते. कुणालाच न सांगता आली होती ती." पिंकीनं फोन कोटाच्या खिशात टाकला. "तुला एकदा विचारता आलं नाही तिला, काय पाहिजे म्हणून?"

ती निघून गेली. पेपरवाल्या टेबलावरचे दोघे मान वर करून लायबाकडे बघत होते.

लायबानं ताबडतोब गटावरचा फोटो पुसला. पुसताना तिला कळत होतं की याचा काही उपयोग नाही. तो आता तिच्या हातातला राहिला नव्हता. घरी आली तर ताटावरून तशीच उठली. आई हुस्नबानोनं कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. वडील अल्लाउद्दीन बाजारात शिंपीकाम करायचे. ते भिंतीला टेकून लेकीकडे बराच वेळ बघत होते. आई भांडी घेऊन आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालं, बेटा?"

तिनं सांगितलं. सांगता सांगता फोनवर तो फोटोही दाखवला. गटावरून पुसला तरी फोनमधली प्रत तिनं ठेवली होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

अल्लाउद्दीननी चष्मा लावला आणि लगेच काढला. "हा मी पाहिलाय," ते म्हणाले. "व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आला होता. मी हसलो होतो त्याला. दुकानात दोघांना दाखवलाही." ते जमिनीकडे बघत राहिले. "हा तू काढलास?"

लायबानं मान हलवली.

"माझ्या वहीत अर्ध्या लोणावळ्याची मापं आहेत," ते म्हणाले. "कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाचा हात आखूड, कुणी पोटाला पट्टा बांधून येतो. तीस वर्षांत तुझ्या अम्मीलासुद्धा त्यातलं काही सांगितलं नाही. लोक माझ्यापुढे हात वर करून उभे राहतात, ते काय उगाच?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते उठले आणि नमाजाआधीच्या वजूला, हातपाय धुवायला गेले. आपल्या मुलीच्या चेष्टेला आपण हसलो, याची त्यांनाही लाज वाटत होती, आणि ती लाज लायबाच्या वाट्याला आणखी येऊन पडली.

दोन दिवस तिनं अनघाताईंना काही सांगितलं नाही. टेबलाशी कुणी आलं की ती दचकायची. सोमवारी शाळेतल्या एका शिक्षकांनी सहज विचारलं, "काय, नवीन काही गमतीदार प्रश्न?" आणि तिनं मान खाली घालून वहीची पानं चाळली. यांनीही पाहिलाय. मग असं वाटायला लागलं की जिना चढून येणारा प्रत्येक माणूस आपला प्रश्न जिन्यातच ठेवून येतोय, आणि वर येऊन नुसता पेपर वाचतोय.

मंगळवारी ती स्वतःच अनघाताईंच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. फोटो, ओळ, नोंदवहीतून घेतलेलं गाव, वहीत न लिहिलेला प्रश्न, काही लपवलं नाही. अनघाताईंनी मधे एकदाही अडवलं नाही. लायबाला वाटलं, आता रागावतील, काढून टाकतील.

"मी तुला चार महिने विचारायला शिकवत बसले," त्या म्हणाल्या. "ऐकलेलं पोटात ठेवायचं, ते पहिल्या दिवशी एकदा सांगून सोडून दिलं. त्यात माझंही चुकलंच."

"ताई, मी माफी मागते..."

"माझी कशाला? माझी पाठ नव्हती ती." त्यांनी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "आजपासून तू संदर्भाच्या टेबलाशी बसायचं नाहीस. माळ्यावर जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे आहेत, ते लाव. त्यातलं लोणावळ्याचं साप्ताहिक बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण अंक बरेचसे आहेत. त्यात काही सापडलं तर त्या बाईंसाठी शोध. तुझी माफी सोपी व्हावी म्हणून शोधू नकोस."

लायबा माळ्यावर गेली. शेकडो अंक, सुतळीनं बांधलेले, कुठल्या गठ्ठ्यात कुठलं साल याचा पत्ता नाही. आणि कोणत्या साली शोधायचं? पिंकीला रिसॉर्टवर जाऊन विचारलं तर तिला आठवत नव्हतं. मानसी गेली तेव्हा ती पाळण्यात होती. लायबाला एकदम सुचलं, कुरवंड्याच्या शाळेत दाखले असतीलच. मुलीचं नाव सांगितलं की जन्मसाल मिळेल, त्यावरून कुठल्या सालचे अंक बघायचे ते कळेल, अर्ध्या दिवसाचं काम. ती रिक्षानं शाळेच्या फाटकापर्यंत गेलीही. हेडमास्तर व्हरांड्यातच उभे होते. "या, काय पाहिजे?" त्यांनी विचारलं.

आणि लायबा पायरीशीच थांबली. काय सांगणार? नंदाबाई आपल्या मेलेल्या मुलीचा फोटो शोधतायत, हे? जे त्या बाईनं सख्ख्या भाचीलाही आधी सांगितलं नव्हतं, ते आता ही हेडमास्तरांना सांगणार, म्हणजे पुन्हा तेच. "काही नाही सर, चुकून आले," असं म्हणून ती मागं फिरली. हेडमास्तर चमत्कारिक नजरेनं बघत राहिले.

फाटकाबाहेर थोडा वेळ उभी राहून तिनं नंदाबाईचं घर विचारलं. ज्याला विचारलं तो गालात हसला. त्यानं बोट दाखवलं.

अंगणात महिपती वेताची काठी तासत बसले होते. "कोन पायजे?"

"मावशी आहेत का? मी लोणावळ्याहून आले. वाचनालयातून."

काठी तासायचा कोयता थांबला. "लायब्रीतनं? तीच का तू?" त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आन आता काय ऱ्हायलंय? त्वांडाचा फोटो काढायचा ऱ्हायला व्हता का?"

"नाही आबा. माझं चुकलं. ते सांगायलाच आले."

"काय काम व्हतं तिचं तितं? मला तर काय बोलत न्हाई ती. इचारलं की रडती."

उत्तर लायबाच्या ओठावर होतं. ते सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्याचा राग तिथंच उतरला असता, आणि कदाचित त्यानं तिला बसायलाही सांगितलं असतं. "ते मावशीच सांगतील, आबा. मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. महिपती थुंकले आणि पुन्हा काठी तासायला लागले.

नंदाबाई दारात आली. लायबाला पाहून तिनं पदर डोक्यावर ओढला, काही न बोलता घराला वळसा घालून मागं गेली. लायबा तिच्या मागं. मागं धुण्याचा दगड होता, त्यापलीकडे नाचणीचं कापलेलं वावर. नंदाबाई दगडावर बसली. लायबा उभीच राहिली.

"मावशी, मी फार वाईट वागले. मी..."

"हसलीस म्हनून न्हाई," नंदाबाई म्हणाली. ती वावराकडे बघत होती. "अडान्याला लोकं हसत्यात, त्याचं मला काय न्हाई. पन तू माज्या पाटीमागं उबी ऱ्हाऊन फोटो काढलास. मला ठाव बी न्हाई. मी तितं मान खाली घालून बसलेली." ती थांबली. "पाटीमागं डोळं नस्त्यात गं मानसाला."

लायबाला रडू आलं, पण इथं रडायचाही आपल्याला हक्क नाही असं वाटून तिनं ते गिळलं. खाली मातीत बसली. काही बोलली नाही. अनघाताईंनी सांगितलं होतं म्हणून नव्हे. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मग नंदाबाईच बोलायला लागली. "कात्रन व्हतं माज्याकडं. पत्र्याच्या पेटीत ठिवल्यालं. उंदरानं खाल्लं, भुगा झाला. दुसरा फोटो न्हाई पोरीचा. कोन काढतंय त्या वक्ताला?" तिनं आवाज अगदी खाली आणला, घराकडे एकदा वळून बघितलं. "दिवाळीच्या आदी एक दिस तिची आठवन आली, आन तिचं त्वांडच डोळ्याम्होरं येईना. लय केलं. हात दिसत्यात, वेनी दिसती, त्वांड न्हाई दिसत. आई हाय मी तिची. कसं सांगू कुनाला, की पोरीचं त्वांड इसारली म्हनून? ह्यास्नी कसं सांगू? म्हनून पळायचं पुस्तक म्हनलं. म्हनलं, तू इचारशील, कसली शर्यत, कंची पोरगी. मंग सांगंन."

लायबानं डोळे मिटले. त्या मंगळवारी नंदाबाईनं तोंड उघडलं होतं, ती वेळ तिला लख्ख आठवली.

"मावशी, आता विचारू का?" तिनं विचारलं. "चालत असेल तरच."

नंदाबाईनं मान हलवली, धड हो नाही, धड नाही नाही. लायबानं एकेक विचारलं, आणि प्रत्येक वेळी थांबली. मध्ये कोंबडी ओरडली, कुणीतरी हाक मारली, तरी थांबली. शर्यत कुठं होती? वडगावला, तालुक्याची. थंडी होती का ऊन? थंडी, पोरगी कुडकुडत होती, बाईंनी स्वेटर दिला होता. कितवीत होती? सातवीत. त्या साली गावात आणखी काय झालं होतं? पहिल्यांदा डांबर पडलं रस्त्यावर. पेपर कसला होता? आठवड्यानं यायचा, चहाच्या दुकानात. फोटो पानाच्या वर होता का खाली? वर, आणि त्याखाली कसलीतरी जाहिरात, कुकरची. वहीत काही लिहायचं लायबाच्या मनातही आलं नाही.

"साल लवकर कळावं म्हणून शाळेत विचारलं तर चालेल?" शेवटी तिनं विचारलं.

"न्हाई. तितं नगं."

"बरं. मग मी अंक एकेक करून बघते. वेळ लागेल. आणि मावशी, सापडेलच असं मी सांगत नाही."

नंदाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "ये आता तू," एवढंच ती म्हणाली.

डांबर कुठल्या साली पडलं, ते ग्रामपंचायतीच्या छापील अहवालात मिळालं. अहवाल वाचनालयातच होता, कुणाला काही विचारावं लागलं नाही. पण त्या वर्षीचे थंडीचे अंक एका गठ्ठ्यात नव्हतेच. लायबानं सगळे गठ्ठे सोडले. तोंडाला रुमाल बांधून ती रोज माळ्यावर बसायची, पान पान उलटायची. उलटताना आपण कसे दिसत असू, पाठमोरे, मान खाली घालून, हे तिला सारखं जाणवायचं. खाली टेबलाशी आता अनघाताई बसायच्या. लोकांची कुजबुज वर ऐकू यायची, आणि त्या खाली लोकांना "बसा ना" म्हणायच्या, तेही.

बाराव्या दिवशी कुकरची जाहिरात सापडली. तिच्यावर चार मुलींचा फोटो, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, तळहाताएवढा. एका मुलीच्या अंगात भलामोठा स्वेटर. नावं खाली होती, पण कोणतं नाव कुणाचं, ते कळायला मार्ग नव्हता. एक नाव मानसीचं होतं, पुढे कंसात कुरवंडे. लायबाचं बोट स्वेटरवाल्या मुलीवर आपोआप गेलं, आणि तिनं ते मागं घेतलं. ते आपण सांगायचं नाही.

निरोप पिंकीकडून धाडला, तोही एवढाच की मावशींना सवड होईल तेव्हा यायला सांग. नंदाबाई आली ती पुढच्या गुरुवारी, एकटी. अनघाताईंनी आपली खोली दिली आणि दार ओढून घेतलं. लायबानं अंक पुढे ठेवला. "मला वाटतं हा असेल. तुम्हीच बघा, मावशी."

नंदाबाई वाकली. खूप वेळ गेला. तिची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जात होती आणि परत येत होती, आणि तिच्या कपाळावर घाम जमा झाला. लायबाला कळलं, ओळख पटत नाहीये. तिला वाटलं, सांगावं, स्वेटरवाली असेल. तिनं ओठ घट्ट मिटले.

"ही," नंदाबाई अचानक म्हणाली. बोट स्वेटरवाल्या मुलीवर नव्हतं. टोकाच्या, किडकिडीत मुलीवर होतं. "बघ, पायावर पाय ठिवून उबी हाय. सारकी तशी ऱ्हायची. कितीबी मारलं तरी." आणि मग, जणू पायांपासून वर चढत, तिची नजर त्या ठिपक्यांच्या चेहऱ्यापर्यंत पोचली. "स्वेटर मैत्रिनीला दिलाय बग तिनं. आगं बाई. हीच की गं. हीच."

तिनं पदर तोंडात कोंबला. लायबा उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बघायचं नाही, एवढं तरी आता करता येत होतं.

फोटो मोठा करून छापला तर नुसतेच ठिपके उरत होते, म्हणून लायबानं तो होता तेवढाच, जाड कागदावर छापून दिला. नंदाबाईनं तो पिशवीत, लुगड्याच्या घडीत ठेवला. तोंडभर आशीर्वाद वगैरे काही दिला नाही. "रिक्षापतुर येतीस का?" तिनं विचारलं. "बाजारातनं जायचं हाय. लोकं बघत्यात."

दोघी बोळातून बाहेर पडल्या. चिक्कीच्या दुकानांसमोर पुण्याच्या गाड्या लागल्या होत्या, गर्दी होती. कुरवंड्याच्या शेअर रिक्षा कोपऱ्यावर उभ्या होत्या. पहिल्याच रिक्षात चालकाच्या जागी मारुती बसला होता, नंदाबाईच्या गावचा. आत तिघं आधीच बसलेली.

"काय मावशी," मारुती मोठ्यानं म्हणाला, "आज कुटं पळाली व्हतीस? गावलं का पुस्तक?"

आतली माणसं हसली. नंदाबाईनं पिशवी छातीशी धरली आणि मान खाली घातली.

लायबा रिक्षापुढे आली. शेजारच्या दुकानात अब्बांचे ओळखीचे लोक होते. "भाऊ, तो फोटो मी काढला होता," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी. वाचनालयातली लायबा, अल्लाउद्दीन शिंप्यांची मुलगी. मावशी त्यांच्या कामाला आल्या होत्या, ते काम काय ते मी नीट ऐकूनही घेतलं नाही, आणि चेष्टा केली. खालचं ते वाक्यही माझंच आहे. हसायचंच असेल तर मला हसा."

रिक्षातलं हसू थांबलं. दुकानातल्या दोघांनी मान वळवली. "काय काम व्हतं पन?" मारुतीनं विचारलं, आता खालच्या आवाजात, खरोखरच जाणून घ्यायचं म्हणून.

"ते मी सांगणार नाही," लायबा म्हणाली.

मारुतीनं कान खाजवला. मग मागं वळून आतल्या माणसांना म्हणाला, "सरका रं, मावशीला कडंला जागा द्या."

नंदाबाई बसली. पिशवी मांडीवर घेतली, त्यावर दोन्ही हात ठेवले. लायबाला वाटलं, ती काहीतरी म्हणेल. नंदाबाई म्हणाली, "जा आता. ऊन लागतंय." रिक्षा सुरू झाली, वळली, गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत निघून गेली.

लायबा तिथंच उभी होती. दुकानातले दोघे अजून तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्यासमोरून चालत परत जायचं होतं. ती निघाली.